न उमटलेली सही

शिक्केवाला दोन जिने चढून सेवा क्लबच्या दारात पोचला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्याला फक्त एक चाकाची खुर्ची हवी होती. बस, एवढंच. तीही दोन-चार दिवसांपुरती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढच्या तीन तासांत ही एवढीशी गोष्ट सोडून बाकी सगळं झालं.

खाली रस्त्यावर क्लबची पाटी होती. 'गरजूंसाठी चाकाच्या खुर्च्या, मोफत. कृपया दुसऱ्या मजल्यावर यावे.' इमारतीला लिफ्ट नव्हती. ज्याला चाकाची खुर्ची लागते तो दुसऱ्या मजल्यावर येणार कसा, हा प्रश्न पाटी लावणाऱ्याला पडला नाही, रंगवणाऱ्याला पडला नाही आणि बारा वर्षं तिच्याखालून जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही पडला नाही. शिक्केवाल्याला पडला. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, म्हणून त्याने ती खिशात घातली आणि जिना चढला.

माणूस तसा साधा. बाजाराच्या कोपऱ्यावर दीड हात रुंदीचं दुकान, त्यात रबरी शिक्के करायचा. तीस वर्षं उलटी अक्षरं कोरून कोरून त्याची नजर अशी तयार झाली होती की समोरच्याच्या हातातला कागद तो पलीकडून, खालून वर, कसाही वाचायचा. 'तुम्हाला सरळ तेवढं वाचता येत नाही,' असं बायको म्हणायची. ती बायको पाच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं म्हणाल तर खाटेपासून खिडकीपर्यंत, तेही भिंतीला धरून.

आणि तिची मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, सरकारी दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच धाकटीला वाढवलं. वेण्या घातल्या, शाळेत सोडलं, लग्न लावून दिलं आणि वर जावयाला दमही दिला. काल डॉक्टरांनी हात टेकले. दोन दिवस म्हणाले, फार तर तीन. ताई शुद्धीवर होती आणि दर तासाला एकच विचारत होती, धाकटी आली का.

धाकटी येणार कशी? घर बोळाच्या टोकाला, बोळात रिक्षा शिरत नाही. सकाळी शिक्केवाल्याने बायकोला पाठीवर घेतलं होतं. नळापर्यंत गेला आणि गुडघ्यातून वाकला, दोघंही ओल्यात बसले. बायको आधी खूप हसली आणि मग घरी येईपर्यंत रडली. तेव्हा त्याने तिला शब्द दिला, आज भेटीच्या वेळेत तुला ताईकडे नेतो, काय वाटेल ते करीन. भेटीची वेळ पाच ते सात.

आता दारात तो चपला काढाव्यात की नाही या विचारात उभा होता, तेवढ्यात एक लांबरुंद गृहस्थ दोन्ही हात पसरून धावत आले. हे क्लबचे स्वागतप्रमुख. धंद्याने विमा एजंट, त्यामुळे दारात आलेला माणूस परत जाऊ द्यायचा नाही हे रक्तातच. त्या दिवशी क्लबात नव्या सभासदांचा स्वागत आणि परिचय सोहळा होता. तीन नवे यायचे होते. दातांचे डॉक्टर आले होते, सिमेंटचे व्यापारी आले होते. तिसरे, फरशीचे कारखानदार, यांचा पत्ता नव्हता, आणि तिसऱ्याचा गुच्छ हातात घेऊन स्वागतप्रमुखांचा जीव टांगणीला लागला होता.

शिक्केवाला म्हणाला, जरा काम होतं. स्वागतप्रमुख म्हणाले, अहो काम तर आयुष्यभर आहे, आधी स्वागत. आणि त्याच्या हातात गुच्छ, छातीवर बिल्ला. बिल्ला म्हणजे केवढा, बशीएवढा. निळ्या साटिनचा, खाली दोन झुलत्या फिती, मधे सोनेरी अक्षरांत 'नवमित्र'. शिक्केवाल्याच्या तोंडून 'मी तर' एवढं निघालं आणि स्वागतप्रमुखांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

कारण क्लबची एक प्रथा होती. सेवा ऐकण्यापासून सुरू होते, असं कै. संस्थापकांचं म्हणणं, म्हणून परिचय संपून वहीत सही होईपर्यंत नव्या सभासदाने एक अक्षर बोलायचं नाही. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता, पण मग प्रथा कशाला म्हणायचं तिला.

खरं सांगायचं तर दोष थोडा शिक्केवाल्याचाही होता. तो तिथेच ठणकावून सांगू शकला असता. पण हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला. त्याला वाटलं, एवढ्या प्रेमाने बसवतायत, यांना नाराज केलं तर खुर्ची देणार नाहीत. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, बसू.

अर्धा तास तर नुसता अध्यक्षांच्या भाषणाला लागला. अध्यक्षांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि बोलणंही तसंच, भरपूर पॉलिश आणि आत भुसा. मग फिल्म दाखवली. फिल्ममधे अध्यक्ष झाड लावत होते. मग अध्यक्ष चष्मे वाटत होते. मग तेच झाड, तेच अध्यक्ष, फक्त फोटो दुसऱ्या बाजूने. दातांचे डॉक्टर मान डोलवत होते. सिमेंटवाले डोळे मिटून ऐकत होते, आणि थोडं घोरतही होते.

मग समित्यांची ओळख झाली. अकरा समित्या. शेवटची चाकाची खुर्ची समिती. शिक्केवाला सरसावून बसला. अध्यक्षांनी मोठ्या खेदाने सांगितलं की भांडारात चौदा खुर्च्या आहेत, पलीकडच्याच खोलीत, पण तीन वर्षांत दोनच वाटल्या गेल्या. का? तर खरा गरजू मिळत नाही. आपण दारं उघडी ठेवून बसतो, पण कुणी येतच नाही.

शिक्केवाल्याने हात वर केला. स्वागतप्रमुखांनी हसत ओठांवर बोट ठेवलं. शिक्केवाल्याने दुसरा हातही वर केला. अध्यक्षांनी नव्या मित्राचा हा उत्साह सर्वांना दाखवला आणि टाळ्या वाजल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. खुर्च्या भिंतीपलीकडे, गरजू भिंतीच्या अलीकडे, आणि मधे चहाबिस्किटं फिरत होती.

साडेचार झाले. त्याला दिसत होतं, घरी बायको केस विंचरून, चपला घालून खाटेच्या कडेला बसली असणार. पाच महिन्यांत तिने पहिल्यांदा चपला घातल्या होत्या. बिल्ला उपटून फेकावा आणि उठावं असं त्याला वाटलं, पण खुर्च्या इथेच होत्या, उठून जाणार कुठे?

पावणेपाचला शपथ झाली. त्याला शब्द येत नव्हते, त्याने नुसते ओठ हलवले. मग सह्यांची वही आली. कातडी बांधणीची, पितळी कोपऱ्यांची, हातात धरली तर खांदा उतरेल अशी. तिच्यासोबत मखमली पेटीतून संस्थापकांचं सोनेरी पेन. या पेनाने सही केली की माणूस सभासद झाला, असं अध्यक्षांनी दाटल्या गळ्याने सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी वाकून, डोळे कॅमेऱ्याकडे ठेवून, लफ्फेदार सही केली. सिमेंटवाल्यांनी दोनदा केली, कारण पहिल्या फोटोत ते जांभई देत होते. शिक्केवाल्याच्या हातात पेन आलं. त्याने टोक कागदाला लावलं आणि त्याला लगेच कळलं. हा माणूस तीस वर्षं शाईत हात बुडवून बसलेला. कोरडं पेन कागदावर कसं ओरखडतं हे त्याला सांगावं लागत नाही. कागदावर काहीच उमटलं नाही. त्याने वर पाहिलं, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. बोलायची अजून बंदी होती. त्याने तसंच ओरखडून पेन परत दिलं.

मग घंटा वाजली आणि बंदी उठली. प्रत्येक नव्या मित्राने एका वाक्यात सांगायचं, समाजाला मी काय देणार. डॉक्टर म्हणाले, मी शाळेतल्या मुलांचे दात फुकट तपासेन. सिमेंटवाले म्हणाले, मी बागेत एक बाक देईन, त्यावर आईचं नाव असेल आणि खाली माझं. शिक्केवाला उभा राहिला.

"मला एक चाकाची खुर्ची द्या," तो म्हणाला. "माझी बायको चालू शकत नाही, आणि तिची बहीण दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतेय. सातला दारं बंद होतात."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच वर राहिले. मग अध्यक्षांचा चेहरा उजळला. म्हणजे खरा गरजू मिळाला, आणि तोही आपल्याच नव्या मित्राने शोधला. पण लगेच कुणीतरी कुजबुजलं, आणि तो चेहरा पुन्हा पडला. ते सचिवबाईंकडे वळले.

सचिवबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. काडीसारख्या बारीक, नियमाला पक्क्या. बाजूच्या टेबलाशी वही आणि घटना घेऊन बसलेल्या. त्यांनी घटना उघडली आणि अकरावं कलम वाचलं. क्लबच्या कुठल्याही सेवेचा लाभ सभासदाला किंवा त्याच्या कुटुंबीयांना घेता येणार नाही. मागे एका अध्यक्षांनी अनाथाश्रमासाठी आलेला फ्रिज आधी स्वतःच्या घरी चालवून बघितला होता, आणि अडीच वर्षं बघत होते, तेव्हापासून हे कलम.

शिक्केवाल्याने सांगून पाहिलं की तो सभासद व्हायला आलाच नव्हता, मागायलाच आला होता. स्वागतप्रमुख कपाळाला हात लावून खाली बसले. पण अध्यक्ष डगमगले नाहीत. म्हणाले, आलात कशालाही, झालात सभासद, सही झाली. सभासदत्व म्हणजे त्याग. मग सोडतो सभासदत्व, शिक्केवाला म्हणाला. राजीनामा वार्षिक सभेत मंजूर होतो, अध्यक्ष म्हणाले, आणि वार्षिक सभा सात महिन्यांनी. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली. दोन तासांपूर्वी हा माणूस शहरातला कुणीही एक गरजू होता आणि त्याला खुर्ची मिळाली असती. स्वागत झालं आणि माणूस आयुष्यातून उठतो तसा तो खुर्चीतून उठला.

त्याला राग आला. असा की कानाच्या पाळ्या तापल्या. आणि रागाने खाली बघताना त्याची नजर सचिवबाईंच्या टेबलावरच्या वहीवर पडली. वही बाईंकडे तोंड करून होती, त्याच्या बाजूने उलटी. त्याला सरळ काय आणि उलटं काय. आजचं पान त्याने वाचलं. छापलेले तीन आकडे, पुढे तीन ओळी, ओळींवर काही नाही. वाऱ्याने पान मागे गेलं. तेही कोरं. त्यामागचंही.

"बाई," तो म्हणाला, "माझी सही दाखवा बरं."

सचिवबाईंनी चष्मा चढवला. पान जवळ नेलं, लांब नेलं, खिडकीशी नेलं. कागदावर ओरखडे होते, सही नव्हती. मग त्या एकेक पान मागे जाऊ लागल्या आणि खोलीत कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवेना. नऊ वर्षं. नऊ वर्षं त्या पेनात शाई नव्हती. दरवर्षी ते मखमलीतून निघायचं, माणसं वाकायची, कॅमेऱ्याकडे बघून हसायची आणि पेन परत मखमलीत जायचं. ज्याच्या हातात आलं त्याला कळलं नसेल असं नाही. पण एवढ्या समारंभात शाई संपलीय म्हणायचं कुणी?

अध्यक्षांनी झटकन खिशातलं बॉलपेन काढून शिक्केवाल्यापुढे धरलं. हे घ्या, आत्ता करा. शिक्केवाल्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"सही नाही तर सभासद नाही," सचिवबाई म्हणाल्या. "चौथं कलम."

अध्यक्ष म्हणाले, मी अध्यक्ष या नात्याने सांगतो. बाईंनी शांतपणे आणखी दोन पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली. अध्यक्ष सहा वर्षांपूर्वी क्लबात आले होते. त्यांच्या ओळीवर फक्त एक चहाचा डाग होता. ते बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले, जणू तो जरा प्रयत्न केला तर सहीसारखा दिसेल.

मग हिशेब फार सोपा झाला. हॉलमधे छत्तीस माणसं, त्यांतल्या पस्तिसांची सही कुठेच नाही. वहीत शाईने सही असलेली जिवंत आणि हजर अशी एकच व्यक्ती, स्वतः सचिवबाई, अकरा वर्षांपूर्वीची. बाकी सगळे नऊ वर्षं परक्याच्या घरात शपथा घेत होते. स्वागतप्रमुखांनी तर आजवर दीडशे जणांचं स्वागत केलं होतं आणि त्यांचं स्वतःचंच व्हायचं राहिलं होतं.

सव्वापाच झाले होते. सचिवबाई उठल्या. आयुष्यात त्यांनी नियम कधी वाकवला नव्हता, आणि तोंडावरून दिसत होतं की आता त्यांना घाम फुटलाय. त्या म्हणाल्या, सभा सुरू झाली. एक खुर्ची या गृहस्थांना द्यावी, असा ठराव मी मांडते. अनुमोदन द्यायला दुसरा सभासद लागतो. त्यांनी खोलीभर पाहिलं. पस्तीस तोंडं, एकही सभासद नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोकडे मान वर केली. त्यांची सही वहीच्या पहिल्याच पानावर होती, चांगली ठसठशीत.

"त्यांची हरकत दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ठराव मंजूर."

भांडाराचं कुलूप निघालं. खुर्च्या प्लास्टिकमधे गुंडाळलेल्या, प्रत्येकीला लाल रिबन, प्रत्येकीच्या पाठीवर क्लबचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की बसणाऱ्याची पाठ दुखावी. चाकांत हवा नव्हती. पंप सापडेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली, कारण पंप पर्यावरण समितीच्या कपाटात होता आणि किल्ली समितीप्रमुखांच्या घरी. शेवटी सिमेंटवाल्यांचा ड्रायव्हर गाडीतला पंप घेऊन वर आला. नऊ वर्षांत क्लबातलं पहिलं उपयोगी काम त्याने केलं आणि तोही सभासद नव्हता. शिक्केवाल्याने पावतीवर स्वतःच्या खिशातल्या पेनाने सही केली. ती उमटली.

स्वागतप्रमुखांनी खुर्ची एकट्याने उचलली. सुटाचं बटण तुटलं तरी दोन जिने खाली ठेवली नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, मी विचारायला हवं होतं हो. एवढं म्हणून वर गेले. वर मोठा आवाज चालला होता. तातडीची सभा घ्यावी असं अध्यक्षांचं म्हणणं होतं, आणि सभा घ्यायला तुम्ही कोण, असं सगळे एकमेकांना विचारत होते.

घरी बायको खरोखरच खाटेच्या कडेला बसली होती, चपला घालून, तीन वाजल्यापासून. खुर्ची दारात दिसली तेव्हा तिने काही विचारलं नाही, फक्त हात पुढे केले. त्याने तिला बसवलं, मांडीवर क्लबचा गुच्छ ठेवला आणि ढकलत निघाला. बोळ संपला, क्लबातली हकीकत सांगता सांगता बाजार संपला, मग चढ लागला. चढावर त्याची छाती भरून आली. बायको म्हणत होती, अहो, थांबा जरा, धाप लागलीय तुम्हाला. तो म्हणाला, थांबलो तर सात वाजतील. सात वाजले ते चढावरच.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा सात वाजून बारा मिनिटं झाली होती आणि राखणदार साखळी लावत होता. भेटीची वेळ संपली, उद्या पाचला या. शिक्केवाल्याला बोलताही येईना, नुसता धापा टाकत उभा. दिवसभर सगळ्यांनी त्याला उद्या-परवाच सांगितलं होतं, आणि ज्या माणसाला भेटायचं होतं तिच्याकडे उद्या नव्हता. बायकोने मान खाली घातली.

राखणदाराने कंदिलासारखी टॉर्च वर केली. उजेड शिक्केवाल्याच्या छातीवर पडला. तिथे साटिनचा बिल्ला, बशीएवढा, दोन फिती वाऱ्यावर. या गडबडीत तो काढायचा राहूनच गेला होता. मग उजेड खुर्चीच्या पाठीवर गेला, तिथली मोठी अक्षरं वाचली गेली, मग गुच्छावर आला. राखणदार सरळ उभा राहिला.

"सेवा क्लबचे का साहेब? आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "सेवेला कुठली आलीय वेळ."

शिक्केवाल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. सवयच ती. तेवढ्यात बायकोने मागे हात करून त्याच्या मनगटाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. त्याला एकदम आठवलं, नवमित्राने बोलायचं नसतं. तो गप्प बसला. साखळी निघाली.

ताई भिंतीकडच्या खाटेवर होती. एवढीशी झालेली. डोळे मिटलेले होते, पण चाकांचा आवाज ऐकून उघडले. तिने धाकटीकडे पाहिलं. "केस नीट विंचरले नाहीस," ती म्हणाली. बायकोने खुर्ची खाटेला भिडवली, गुच्छ बाजूला टाकला आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. बऱ्याच वेळाने ताईची नजर शिक्केवाल्याच्या छातीवर गेली. हे काय लावलंय जावयाने, तिने विचारलं. बायकोने सगळं सांगितलं. स्वागत, फिल्म, कोरडं पेन, अध्यक्षांचा चहाचा डाग, राखणदाराची टॉर्च. ताई हसली. हसता हसता तिला खोकला आला, नर्स धावली, पाणी दिलं, तरी हसू थांबेना. शिक्केवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं.

निघताना ताईने त्याला खुणेने जवळ बोलावलं. लग्नात दम दिला होता तेव्हाचाच आवाज होता, फक्त बारीक झालेला.

"तो बिल्ला हरवू नका," ती म्हणाली. "उद्याही यायचंय तुम्हाला."

घरी आल्यावर त्याने बिल्ला दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवला, उद्या निघताना समोरच दिसावा म्हणून.